सापडण्याआधी कोणीतरी ठेवलेले असते

१९८४च्या सुमारास उत्तर जर्मनीतल्या एका मुलाने रेडिओवर लागलेली काही गाणी कॅसेटवर उतरवून घेतली. आपल्याकडेही तेव्हा हेच चालत असे: टू-इन-वनला चिकटून बसायचे, निवेदकाचे बोलणे संपले की दोन बटणे एकदम दाबायची आणि पुढचे बोलणे सुरू होण्याआधी घाईने बंद करायची. निवेदकाला असे वगळल्यामुळे त्या कॅसेटवरच्या एका गाण्याचा गायक कोण, हे कळायचे राहून गेले. २००७मध्ये त्या मुलाच्या बहिणीने गाण्याचा तुकडा इंटरनेटवर टाकला आणि हे कोणाचे गाणे आहे, असे विचारले. पुढे हजारो अनोळखी माणसे त्या प्रश्नाच्या मागे लागली, ‘इंटरनेटवरचे सर्वांत गूढ गाणे’ असे त्याचे नाव पडले आणि सिंथेसायझरच्या आवाजापासून कॅसेटवरच्या इतर गाण्यांपर्यंत एकेक धागा उलगडून पाहिला गेला. अखेर नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर मिळाले. कील शहरातल्या ‘फेक्स’ नावाच्या बँडचे ते गाणे होते, त्याचे नाव ‘सबवेज ऑफ युवर माइंड’. हा छडा इंटरनेटने लावला, असे बातम्यांनी कौतुकाने सांगितले.

मला ते अर्धेच खरे वाटते. इंटरनेटने चिकाटीची माणसे एकत्र आणली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उत्तराची वाट सापडली ती एका शोधकाने जर्मन नभोवाणीच्या एका जुन्या महोत्सवात वाजवलेल्या बँडांची नावे त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांत धुंडाळली तेव्हा. म्हणजे एका घरात चाळीस वर्षे एक कॅसेट कोणी फेकून दिली नव्हती, आणि कोणत्या तरी ग्रंथालयाने मामुली गावबातम्यांचे अंक, ते कोणाला कधी लागतील याचा विचार न करता, जपून ठेवले होते. या दोन कंटाळवाण्या गोष्टी झाल्या नसत्या, तर हजारो माणसांची चिकाटी वाया गेली असती. चित्रपट, खेळ, कला, तंत्रज्ञान या विषयांवरच्या अशा ‘सापडलेल्या’ मजेशीर गोष्टी आपण रोज एकमेकांना पाठवतो आणि पाठवण्यालाच जतन समजतो. सापडणे ही जतनानंतरची पायरी आहे, आणि आज नेटवर तयार होणाऱ्या गोष्टी जतन करण्याची जबाबदारी आपल्या देशात कायद्याने कोणावरही टाकलेली नाही. ती सार्वजनिक ग्रंथालयांवर टाकावी आणि त्यासाठी त्यांना हक्क व पैसा द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

न ठेवल्याने काय होते, याचे आपल्या ओळखीचे उदाहरण क्रिकेटमध्येच आहे. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स इथे झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे १७ धावांत ५ गडी बाद झाले होते. तिथून कपिल देव यांनी १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, सय्यद किरमाणींबरोबर नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि भारताने ६० षटकांत ८ बाद २६६ पर्यंत मजल मारली. ३१ धावांनी तो सामना जिंकला नसता तर लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकल्याची पुढची गोष्टच घडली नसती. त्या खेळीचे चित्रण उपलब्ध नाही. त्या दिवशी बीबीसीचा संप होता, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कारण काहीही असो, कॅमेऱ्याने ती खेळी टिपली नाही, एवढे खरे. तरीही वर दिलेला प्रत्येक आकडा मी खात्रीने लिहू शकतो, कारण मैदानाच्या कडेला बसून कोणीतरी धावपुस्तक भरत होते आणि ते टिकले. पडद्यासाठी ती खेळी नंतर नटांकडून पुन्हा उभी करून घ्यावी लागली, आणि त्या चित्रणाचा एखादा तुकडा उद्या मूळ म्हणून फिरू लागला, तर शेजारी ठेवून दाखवायला आपल्याजवळ मूळच नाही.

चित्रपटांची कथा याहून दुःखद आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत शिल्लक नाही. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने काढलेला ‘अयोध्येचा राजा’ मात्र आज पाहता येतो. दोन्हींमध्ये वर्षभराचेही अंतर नाही. एक लोकांनी पाहिला आणि दुसरा पाहिला नाही, असेही नाही. फरक पडला तो एकाची रिळे टिकण्यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ची, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर तब्बल एक्कावन्न वर्षांनी. तोवर मूकपटांचा फार मोठा हिस्सा नष्ट झाला होता. हे संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, वारसांच्या आणि वितरकांच्या विनवण्या करून जे मिळवले, त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग आणि ‘कालिया मर्दन’ आपण पाहू शकतो. अशा जमवलेल्या साठ्यातलाही नायट्रेट फिल्मचा एक भाग जानेवारी २००३मध्ये पुण्यातल्या आगीत जळला. नायट्रेटची फिल्म किती पटकन पेट घेते, हे साऱ्या जगाला ठाऊक होते, तरीही ती जळाली.

या साऱ्यावर हमखास दिले जाणारे उत्तर असे, की ते दिवस सेल्युलॉइडचे आणि चुंबकीय फितीचे होते. आता सारे नेटवर आहे आणि नेट काही विसरत नाही. एखाद्याची दहा वर्षांपूर्वीची चूक उकरून काढायची असेल तेव्हा हे खरेही वाटते. पण प्यू संशोधन केंद्राने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. माझी एक वही आहे. नेटवर काही सुरेख सापडले की त्याचा पत्ता मी तिच्यात हाताने लिहून ठेवत असे: कोणाचा तरी बालगंधर्वांच्या तबकड्यांचा संग्रह, किल्ल्यांच्या हाताने काढलेल्या नकाशांचे पान, जुन्या कुस्त्यांच्या जाहिराती. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी ते पत्ते एकेक करून टंकून पाहिले. पहिल्या पानावरचे जेमतेम दोन-तीन उघडले. किल्ल्यांच्या नकाशांच्या जागी ऑनलाइन रमीची जाहिरात होती. त्या गृहस्थांनी पत्त्याचे वार्षिक शुल्क भरणे थांबवले असेल, कदाचित ते हयातही नसतील, आणि मोकळा झालेला पत्ता कोणीतरी जुगारासाठी घेतला असेल.

मोठ्या कंपन्यांच्या हवाली केलेल्या गोष्टींचे तरी बरे होते का? जिओसिटीजवर लाखो हौशी माणसांनी आपापली पाने रचली होती. चमचमत्या चांदण्यांची पार्श्वभूमी, ‘काम चालू आहे’ची हलती पाटी, आपल्या कुत्र्याचा फोटो, आवडत्या नटाची चित्रे. याहूने ती सेवा १९९९मध्ये विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत धावपळ करून जेवढे उतरवून घेतले, त्याच्यावर पुढे ओलिया लियालिना आणि द्रागान एस्पेनशीड या कलावंतांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि जी पाने तेव्हा बावळट म्हणून हसण्यावारी नेली जात, ती आज कलादालनात मांडली जातात. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९मध्ये कबूल केले, की साठा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना २०१५पूर्वीची गाणी नष्ट झाली. तेव्हाच्या बातम्यांनुसार ती पाच कोटींहून अधिक होती. त्यातली सुमारे चार लाख नव्वद हजार गाणी नंतर परत मिळाली, कारण एका संशोधक गटाने ती आपल्या अभ्यासासाठी आधीच उतरवून ठेवली होती. ऑर्कुट २०१४मध्ये बंद झाले, फ्लॅश या तंत्राला २०२०च्या अखेरीस निरोप मिळाला आणि त्यावर बेतलेले हजारो खेळ व चलच्चित्रे साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण २९ जून २०२०चे आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यांत टिकटॉक होते. बंदी योग्य होती की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण आमच्या पुस्तकी मराठीला जे कधी जमले नाही, ते त्या अ‍ॅपवर खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या खेड्यांतली मुले आणि बाया सहज करत होत्या: अहिराणीत आणि वऱ्हाडीत विनोद, ज्वारीच्या धाटांमध्ये उभे राहून केलेला नाच, सासूने सुनेची आणि सुनेने सासूची केलेली नक्कल. चूल, परात, ट्रॅक्टर, पत्र्याच्या घराचे दार, मागे रेकणारी म्हैस, सारे त्या पंधरा सेकंदांत येत होते. २०१९च्या महाराष्ट्रातल्या खेड्यांची स्वतःच्या हाताने चित्रित केलेली इतकी मोठी नोंद दुसरी नसेल. भारतात ती एका रात्रीत दिसेनाशी झाली. ज्यांनी आपले व्हिडिओ फोनवर उतरवून ठेवले होते, त्यांच्याजवळ ते फोन फुटेपर्यंत राहिले. ती नोंद आपल्याजवळ असावी असे कोणत्याही विद्यापीठाला किंवा संग्रहालयाला वाटले असते, तरी ती उतरवून घेण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता.

आणि जिथे प्रत टिकली, तिथेही मराठीची एक खास अडचण आहे. २००१-०२ सालचे एखादे मराठी वृत्तपत्राचे पान आजच्या संगणकावर उघडून पाहावे. पान दिसते, रंग दिसतात, छायाचित्रही क्वचित दिसते, पण मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, अर्धविराम आणि डोक्यावर टिंबे घेतलेले स्वर यांचा खच पडलेला असतो. कारण युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधी प्रत्येक वृत्तपत्राने आणि प्रत्येक फॉन्टवाल्याने देवनागरीची आकारचिन्हे रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने बसवली होती. एका फॉन्टमध्ये ज्या घरात ‘क’ होता, तिथे दुसऱ्यात जोडाक्षराचा तुकडा असे. तो फॉन्ट जवळ नसेल तर पान वाचता येत नाही, आणि असला तरी शोधयंत्राला त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही. अशी पाने वाचायची तर कोणता फॉन्ट कुठे वापरला, त्याची घरे कशी मांडलेली होती, याची कोष्टके हवीत. ती ज्यांनी बसवली ते तंत्रज्ञ आज निवृत्तीला आले आहेत. कोणतीही परदेशी संस्था हे काम आपल्यासाठी करणार नाही, कारण त्या खचामागे भाषा आहे हेच तिला कळणार नाही.

आता कायद्याकडे वळतो. १९५४च्या कायद्यानुसार भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पोहोचवायची असते. मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. १९५६मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. प्रत न पाठवल्यास पुस्तकाची किंमत आणि वर पन्नास रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने दोन वडापाव. त्यामुळे अनेक प्रकाशक तो मनावर घेत नाहीत, हे खरे. तरी कायद्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. कोणते पुस्तक थोर आणि कोणते टाकाऊ, हे त्या वेळी ठरवायचे नाही, सगळ्यांची एक प्रत घ्यायची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती केली ती याच वृत्तीने. त्यांनी पाकशास्त्राच्या चोपड्या वगळल्या नाहीत आणि लावण्यांच्या पुस्तिकांना नाक मुरडले नाही. इंटरनेटवरच्या लेखनाला, चित्रांना, ध्वनिमुद्रणांना या कायद्यात जागा नाही.

याहून विचित्र प्रकार कॉपीराइटच्या कायद्यात आहे. २०१२च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची सवलत मिळाली, पण त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयापाशी आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. कागदावरचे पुस्तक स्कॅन करून ठेवण्यासाठी ही अट ठीकच आहे. परंतु जे जन्मालाच संगणकावर आले, ज्याची कागदी प्रत कधी नव्हतीच, त्याला ही सवलत लागू होत नाही. म्हणजे जे सर्वांत नाजूक, तेच जपायला ग्रंथपालाने हात लावला तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती. स्वीडनने १९९६पासून आपल्या देशाच्या वेबची नोंद ठेवायला घेतली, डेन्मार्कमध्ये २००५पासून, फ्रान्समध्ये २००६पासून आणि ब्रिटनमध्ये २०१३पासून हे काम कायद्याच्या आधाराने चालते. हे देश आपल्याहून श्रीमंत आहेत. पण डेन्मार्कची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहून कमी आहे, हेही लक्षात ठेवावे.

अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हने हे काम चालवलेच आहे, मग आपण कशाला, असे विचारले जाते. ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचे ऋण मी मानतो; माझ्या वहीतले काही मृत पत्ते तिच्याच साठ्यात जिवंत सापडले. पण ती एक खाजगी धर्मादाय संस्था आहे. प्रकाशकांनी लावलेला दावा ती २०२३मध्ये हरली, २०२४मध्ये अपिलातही हरली आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके तिला वाचकांपासून दूर करावी लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये तिच्यावर सायबरहल्ला झाला आणि काही दिवस ती बंद पडली. त्या दिवसांत साऱ्या जगाची जुनी पाने एकाच दाराआड अडकली होती. आपल्या भाषेची स्मृती अमेरिकेतल्या देणग्यांवर आणि तिथल्या न्यायालयांवर सोडून द्यायची, हा निर्णय आपण घेतलेला नाही. न घेताच तो लागू झाला आहे.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. रोज इतके निरर्थक तयार होते, ते ठेवून काय करायचे? या प्रश्नावर चित्रपटगृहाच्या दारात एक-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आठवाव्यात. लोक त्या घरी नेत, गाणी पाठ झाली की बंबात घालत. हरवलेल्या कित्येक चित्रपटांची कथा, नटांची नावे आणि गाणी आज त्या पुस्तिकांतूनच कळतात, आणि चित्रपट संग्रहालय त्या जपून ठेवते. काय निरर्थक होते, हे तीस वर्षांनंतर आलेला माणूस ठरवतो. अर्थात सगळे ठेवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण काहीच न ठेवण्यासाठी ही सबब पुरेशी नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी थबकतो. सोळाव्या वर्षी शेतात नाचलेल्या मुलीला सव्विसाव्या वर्षी ते नाहीसे झाल्याचा आनंद होत असेल, तर मी तिच्यासाठी तो व्हिडिओ जपणारा कोण? नेटवर टाकणे म्हणजे ग्रंथालयाला देणे नव्हे, आणि विसरले जाण्याची इच्छा ही माणसाची रास्त इच्छा आहे. याचे पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. ब्रिटनमध्ये अशी बहुतेक पाने घरबसल्या पाहता येत नाहीत, ठरावीक ग्रंथालयांत जाऊनच पाहावी लागतात. डेन्मार्कमध्ये ती फक्त संशोधकांना खुली आहेत. ठेवणे आणि दाखवणे या दोन गोष्टी अशा वेगळ्या करता येतात. व्यक्तीने मागणी केल्यास तिचे खाजगी साहित्य काढून टाकण्याची तरतूद हवी, आणि मुलांच्या बाबतीत ती बिनशर्त हवी. सरकारी हातांत हा साठा गेला तर गैरसोयीचे तेवढे गाळले जाईल, ही शंकाही खोटी नाही. म्हणून निवड अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता, ठरलेल्या याद्या ठरलेल्या तारखांना उतरवण्याचा नियम कायद्यातच असावा.

सुरुवात लहान करावी. व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामवरचे सारे गोळा करण्याची भाषा आज कोणी करू नये. ते जमणार नाही आणि बऱ्याच अंशी जमूही नये. वृत्तपत्रे, नियतकालिके, ऑनलाइन दिवाळी अंक, नाट्यसंस्था, क्रीडासंघटना, साहित्यसंमेलने आणि शासनाची स्वतःची संकेतस्थळे, एवढ्यांची वर्षातून दोनदा प्रत घेण्याचे काम राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे द्यावे. त्यासाठी दोन-चार माणसे तंत्र जाणणारी आणि एक तरी जुन्या फॉन्टांची घरे जाणणारा हवा. १९५४च्या कायद्यात डिजिटल प्रकाशनाचा समावेश करण्याची आणि कॉपीराइटमधली ती अट काढण्याची मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत करावी. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गाथासप्तशतीपासून लीळाचरित्रापर्यंतचे पुरावे सादर केले गेले होते. ते पुरावे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी पोथ्या नकलून ठेवल्यामुळे हाताशी होते.

मी आता काही सापडले की आधी त्याची प्रत उतरवतो, मग पत्ता लिहितो, मगच मित्रांना पाठवतो. या प्रती एका हार्ड डिस्कवर आहेत, ती कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेली असते. घरात ती कशाची आहे, हे माझ्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, आणि तिचा पासवर्ड मी कुठेही लिहून ठेवलेला नाही.